मुकी वरात
चिंचेनं ट्रम्पेट घासताना तो आंबट, पितळी वास सुटला की मला दारव्ह्याकडच्या एका गावातली वरात आठवते. कापसाच्या गावांत माणसं फवारणीचं औषध पिऊन मरत होती, ती वर्षं. आमच्या बँडचे मास्तर आमच्याकडे तोंड करून उलटे चालायचे आणि हातातल्या काठीच्या इशाऱ्यावर आम्हाला वाजवायला लावायचे. मयत झालेल्या घरासमोर बँड बंद, हा त्यांचा नियम. नवरदेवाचा मामा त्यांच्या शेजारी चालत होता. पहिल्याच वळणावर तो हळूच म्हणाला, “मास्तर, या घरी दुख हाये.” काठी खाली आली, आम्ही थांबलो. ते घर ओलांडून सूर लावतो न लावतो तोच मामा म्हणाला, “याही घरी.” मग पुढच्याही. उन्हानं तापलेलं पितळ ओठांना चटके देत होतं. शेवटी मास्तर म्हणाले, “मामाजी, वाजवू कोन्या घरासमोर, थेच सांगा.” मारुतीच्या देवळापर्यंत नुसत्या घोडीच्या टापा वाजल्या. आता काठी माझ्या हातात आहे. वरात निघण्याआधी मी विचारून घेतो, कोणत्या घरासमोर वाजवायचं नाही, आणि एकच घर सांगितलं तर माझ्या तोंडून ‘बरं झालं’ निघून जातं.