ओट्यासमोर उतरलेली वहिनी

पेणच्या दवाखान्यात मी पोचलो तेव्हा दुपार टळत आली होती. कावीळ झालेली मालतीवहिनी हळदीसारखी पिवळी पडली होती, आवाज मात्र जागेवर होता. “मिनिडोर भरायची वाट बघत बसलाव ना, भावजी? सायकल शिकला असतात तर आतापर्यंत येऊन परत गेला असतात!” मी हसलो. ती हसली नाही. तिनं विचारलं, “सुगंधाचं काय ठरलं?” मी म्हणालो, “तू आधी बरी हो.” तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं... त्याच आठवड्यात ती गेली.

वहिनी रोह्याजवळच्या वरशाची. लग्न होऊन आमच्या खाडीकाठच्या गावात आली, आणि पहिल्या माहेरपणाहून परतताना भावाची जुनी सायकल पॅसेंजरमध्ये घालून घेऊन आली. दादा मिठागरावर कामाला. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढची पेणला, आणि एस.टी. यायची तिच्या मर्जीनं. त्यामुळे मुलींचं शिक्षण सातवीलाच संपायचं. वहिनीनं भातकापणीनंतरच्या सुकलेल्या शेतात त्यांना सायकल शिकवायला घेतली. मीही उभा राहिलो रांगेत. मुली भराभर शिकल्या. मी नव्या पँटसकट बांधापलीकडच्या खाजणाच्या चिखलात. “काकी, काकांना तिसरं चाक लाव गो!” असं ओरडणारी ती शेजारची सुगंधा. पुढच्या जूनमध्ये सुगंधा आणि आणखी दोघी, बापांनी आणलेल्या जुन्या सायकलींवरून बांधानं पेणला आठवीत जाऊ लागल्या. वहिनी बांधाच्या टोकाशी उभी राहून त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत राहायची.

आमच्याकडे एक रीत होती. ग्रामदेवीच्या देवळासमोर बाईनं गाडीतून उतरायचं, डोक्यावर पदर घेऊन चालत जायचं. पुरुष बसून गेले तरी चालायचं. वहिनीनं आपली स्वतःची रीत काढली. देवळापुढचा ओटा रिकामा असला की ती उतरायची, चपला काढून हात जोडायची. ओट्यावर माणसं बसलेली असली की घंटी वाजवून सरळ पुढे! मुलीही तसंच करू लागल्या. एकदा आमचे चुलते तात्या, ओट्यावरचे सगळ्यांत वडील, तिला म्हणाले, “सूनबाई, उतरायची रीत हाय.”

“देवीला मी रोज उतरते, तात्या. पन तुमी म्होरं बसलाव का देवी दिसतच नाय.”

ओट्यावरचेसुद्धा काहीजण हसले. मी तर हा किस्सा रोह्याला माझ्या ऑफिसात सगळ्यांना ऐकवला. तात्या हसले नव्हते.

यावर गावाची बैठक बसली. वहिनीला कोणी चकार शब्द बोललं नाही. बोलले ते मुलींच्या बापांना. दुसऱ्या दिवसापासून तिघी घरात. काही दिवसांनी त्याच सायकलींवरून त्यांचे भाऊ डोलवीच्या कंपनीत, ठेकेदाराकडे शिफ्टला जाऊ लागले. मग वहिनी सुगंधाच्या बापाकडे गेली. “मी उतरते. कोन बसलेला असला तरी उतरते. पोरीला शाळंत सोडा.” आणि खरंच उतरली... भरल्या ओट्यासमोरून मान खाली घालून सायकल ढकलत जाणारी वहिनी मी पाहिली. कशातही विनोद शोधणारा माणूस मी. त्यात मला काही सापडलं नाही. सुगंधाचा बाप म्हणाला, “आता उशीर झाला, वैनी. स्थळ आलंय.” मी दवाखान्यात गेलो त्याच्या आदल्याच दिवशी सुगंधाला हळद लागली होती.

सायकल वहिनीचा भाऊ वरशाला परत घेऊन गेला. दादानं नको म्हटलं नाही. गणपती येणार म्हणून त्यानं घराला चुना मारला, पण पडवीची एक भिंत सोडली. शेतात न्यायच्या आधी वहिनी मुलींना तिथं सायकलवर बसायला शिकवायची. ती मागून कॅरियर धरायची, त्या भिंतीला हात टेकायच्या. त्या तळव्यांचे मळकट ठसे तिथं एकावर एक उमटलेत. पंचमीला माहेरी आलेली सुगंधा दादाला भेटायला आली. तिनं भिंतीवर हात ठेवला. हिरव्या बांगड्या मनगटावरून खाली घसरल्या... बाहेरून नवरा म्हणाला, “चल गो, देवळापलीकडं टेंपो भरला.”

तिनं हात काढला, पदर डोक्यावर घेतला आणि ओट्याच्या दिशेनं चालू लागली.