दुबार नोंदी

कॉम्प्युटर अडकला की मावशी माउस सोडून देत, उजव्या कानावर दोन बोटं दाबून ताठ बसत आणि पडद्याकडे बघून म्हणत, "लाइन धरून ठेवा." तुम्ही-आम्ही अशा वेळी टेबलावर हात आपटतो, सरळ बटण बंद करतो. त्यांनी तसं कधी केलं नाही. टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर म्हणून सगळी नोकरी काढलेली बाई. पलीकडून उत्तर येईपर्यंत थांबायची त्यांना सवय होती.

माझं दुकान सोलापुरात सात रस्त्याजवळ आहे. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायचे, नवे जोडून द्यायचे, हे माझं काम. मावशी माझं गिऱ्हाईक. जुळे सोलापूरला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. यजमान वारलेले, एकुलती मुलगी लग्न होऊन हैदराबादला. शेजाऱ्यांशी तेलुगूत बोलायच्या, माझ्याशी मराठीत. मला त्या इंजिनियर म्हणत. मी आयटीआय केलेला. पहिल्याच दिवशी मी तसं सांगून टाकलं, तर म्हणाल्या, "दुरुस्त होतंय ना तुझ्याच्यानं? मग इंजिनियरच की."

माझं गाव सांगोल्याकडचं. हे कळल्यावर त्यांनी गावाचं नाव विचारलं आणि तिथल्या एकमेव फोनचा नंबर म्हणून दाखवला. तो फोन किराणा दुकानात होता. वडील मेंढरं घेऊन लांब गेले की त्यांची खुशाली त्याच फोनवर यायची. मी म्हटलं, मावशी, म्हणजे आमच्या आईला बोलावून आणेपर्यंत तुम्हीच लाइनवर थांबत असाल कदाचित. त्यावर त्या म्हणाल्या, "कदाचित कशाला? तुझी आई धापा टाकत यायची. ट्रंक कॉलच्या तीन मिनिटांतलं एक मिनिट त्यातच जायचं." खरं सांगत होत्या की माझी गंमत करत होत्या, मला आजही ठाऊक नाही.

त्यांच्या कॉम्प्युटरवर घरखर्चाचं एक सॉफ्टवेअर होतं. मुलीनं घालून दिलेलं. रोजचा खर्च त्या रोज लिहायच्या आणि एक तारखेला महिन्याचा तक्ता मुलीला पाठवायच्या. पेन्शन पुरून उरत होती, काटकसरीचा प्रश्न नव्हता. "दिवस कुठं गेला ते कळतं बघ," असं त्या म्हणायच्या. प्रत्येक रकमेपुढं एखादं वाक्य असायचं. 'भाजी. मेथी चांगली नव्हती, तरी घेतली.' 'रिक्षा. उन्हामुळे.' तो तक्ता म्हणजे आईचं पत्रच असतं, असं मुलगी मला एकदा म्हणाली होती.

मग ते सॉफ्टवेअर अडकायला लागलं. उघडलं की चक्र फिरत राहायचं, पडदा पांढरा पडायचा, माउस मरायचा. मावशींचा फोन यायचा, "इंजिनियर, लाइन गेली." मी जाऊन आमच्या धंद्यातले सगळे उपाय केले. पंख्यातली धूळ काढली, व्हायरस तपासला, मेमरी वाढवली, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. आठवडाभर बरं चालायचं आणि परत तेच. चौथ्या खेपेला मला माझीच लाज वाटली. त्यांच्या फाइलची कॉपी घेऊन मी दुकानात आलो आणि माझ्याकडच्या चांगल्या मशीनवर उघडली. तेही अडकलं. तेव्हा डोक्यात उजेड पडला की मशीन ठीक आहे, बिघाड फाइलमध्ये आहे.

कॉपीचे वर्षावर्षाचे तुकडे करून मी एकेक उघडत गेलो. जुनी वर्षं झटकन उघडली. अडकत होते ते शेवटचे सात-आठ महिने. ते कसेबसे उघडले आणि मी वाचत बसलो.

'दूधवाल्याला दिले. सुट्टे नव्हते, उरलेले उद्या.' ही नोंद सकाळी दहाला होती. तीच नोंद साडेदहाला होती. अकराला होती. दुपारी दोन वेळा होती. लाइट बिल एकाच दिवशी सहा वेळा. शिवाय दर महिन्याला आपोआप पडणारी नोंद ठरवून ठेवायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये असते. ती दुधासाठी एकदा ठरवली की झालं. मावशींनी ती शेकड्यांनी ठरवून ठेवली होती. सॉफ्टवेअर उघडलं की ते बिचारं त्या सगळ्या एकदम भरायला जायचं आणि तिथंच गुदमरायचं.

आधी वाटलं, बटण दोनदा दाबलं जात असेल. पण दोनदा दाबलं तर दोन्ही नोंदींची वेळ एकच पडते. इथं मध्ये अर्धा अर्धा तास होता. एका नोंदीत 'सुटे' लिहिलेलं, दुसरीत 'सुट्टे'. म्हणजे दर वेळी त्या नव्यानं खुर्चीत बसल्या होत्या, चष्मा लावला होता आणि ते वाक्य पहिल्यांदाच लिहितोय अशा मनानं लिहिलं होतं.

माझ्या आजोबांचं शेवटी असंच झालं होतं. त्यामुळे मला कळायला वेळ लागला नाही. गिऱ्हाईक आलं तरी मी खुर्चीवरून उठलो नाही.

जास्तीच्या नोंदी काढून फाइल साफ केली आणि घेऊन गेलो. कॉम्प्युटर सुरळीत चालला. मावशींनी विचारलं, "काय झालं होतं रे? माझी काय चूक?" त्यांचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता. मी म्हटलं, "न्हाय मावशी. फाइल खराब झाली होती. होतं असं." त्यांचा चेहरा असा सैल पडला की मला वाटलं, आपण योग्य तेच बोललो. त्यांनी शेंगाचटणीचा डबा भरून दिला. नको म्हटलं तरी पिशवीत कोंबला.

त्या दिवसापासून मी दर पंधरा दिवसांनी सर्व्हिसिंगच्या नावाखाली जायला लागलो. त्या आत चहा ठेवायला गेल्या की मी दुबार नोंदी पुसायचो. सुरुवातीला वीस-पंचवीस असायच्या, पुढं शंभरावर गेल्या. पैसे मी घेत नव्हतो आणि त्याचं मला मनातून समाधान वाटायचं, हेही सांगून टाकतो. मुलीचा अधूनमधून फोन यायचा, कॉम्प्युटर ठीक आहे ना म्हणून. मी ठीक आहे म्हणायचो. एकदा ती म्हणाली, "आई फोनवर जरा गोंधळल्यासारखी वाटते. पण तक्ता बघते तर एक चूक नसते. मग म्हणते, माझाच भ्रम." मी त्यावर काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, मशीन चांगलं चाललंय.

असं दीड वर्ष गेलं.

एका दुपारी दुकानात फोन आला. जुन्या टेलिफोन ऑफिसच्या फाटकावरचा वॉचमन बोलत होता. एक बाई आल्यात, ड्यूटीवर जायचंय म्हणतात, घर कुठं ते सांगता येईना, पण हा नंबर बरोबर सांगितला. मी शटर ओढून तसाच गेलो. मावशी वॉचमनच्या स्टुलावर बसल्या होत्या. इस्त्रीची साडी, हातात डबा, पायात दोन वेगवेगळ्या चपला. वॉचमन भला माणूस होता, त्यानं त्यांना पाणी दिलं होतं आणि साहेब येतायत एवढंच सांगून थांबवून ठेवलं होतं.

रिक्षात बसल्यावर त्यांनी डबा मांडीवर घेतला. मग पायांकडं बघितलं. कुठल्याशा चौकात रिक्षा थांबली तेव्हा अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिते, होय ना?"

मी रिक्षाच्या दांडीला धरून बाहेर बघू लागलो.

"संध्याकाळी नोंदी मोजून कागदावर मांडून ठेवते मी. तू येऊन गेलास की आकडा कमी होतो. तू पुसतोस."

"व्हय, मावशी."

"किती दिवस?"

मी सांगितलं. त्यांनी डबा मांडीवर सरळ केला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्याकडं लाइन खराब असली की आधी वर कळवायचं, मग दुरुस्तीला हात घालायचा. तू नुसता दुरुस्त करत बसलास."

घरी पोचल्यावर त्यांनी मला चप्पलही काढू दिली नाही. आधी मुलीला फोन लावायला सांगितला आणि समोर उभ्या राहिल्या. मी सगळं सांगितलं, पहिल्या नोंदीपासून. मग मुलगी एवढंच म्हणाली, "दीड वर्ष तुम्हाला माहीत होतं?" तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

ती दुसऱ्याच दिवशी आली. डॉक्टरांनी सांगितलं की औषधं आधी सुरू झाली असती तर काही काळ स्मृतीची घसरण थोपवता आली असती. किती काळ, ते कुणी सांगू शकत नाही. हे तिनंच मला दुकानात येऊन सांगितलं. दोष द्यायला आली नव्हती. तिला ती फाइल हवी होती. पुसलेलं सगळं परत येईल का, असं विचारत होती. डॉक्टरांना दाखवायचं होतं, कधीपासून कसं वाढत गेलं ते. पहिल्या दिवशीची कॉपी माझ्याकडं होती. ती दिली. नंतरचं मी स्वतःच्या हातानं पुसलं होतं आणि त्यातलं काहीही परत आणता आलं नाही. दोन दिवस मी त्याच कामाला बसलो होतो. दुकानाला कुलूप होतं.

महिनाभरात मुलगी मावशींना हैदराबादला घेऊन गेली, फ्लॅट रिकामा झाला. कॉम्प्युटर मुलीनं नेला नाही. आईच्या हातात आता वही देते म्हणाली.

पुढच्या वर्षी सामान आणायला हैदराबादला गेलो तेव्हा धीर करून त्यांच्या घरी गेलो. मुलीनं दारातच सांगितलं की आई आता बहुतेक तेलुगूतच बोलते, ओळख दिली नाही तर वाईट वाटून घेऊ नका. मावशी खिडकीशी बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या. मला त्यांनी ओळखलं नाही. पण माझ्याकडं बघून मराठीत म्हणाल्या, "बसा. उन्हाचे आलात."

किटलीत चहा होता. त्यांनी स्वतः कपात ओतून मला दिला. मी प्यालो. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, चहा घेतला का, आणि पुन्हा कप भरला. मी तोही प्यालो. मुलगी दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती. तिसऱ्यांदा त्यांनी किटली उचलली तेव्हा मी कपावर हात ठेवला.

"मावशी, माझा झालाय चहा. दोनदा दिलात तुम्ही."

त्यांनी किटली तशीच हातात धरली. आधी माझ्याकडं बघितलं, मग लेकीकडं. तिनं होकारार्थी मान हलवली.

"दोनदा?" त्या म्हणाल्या. "मग हा मी घेते."

आणि स्वतःसाठी कप भरून घेऊन खिडकीकडं वळल्या.