तुरीच्या कोठीतल्या विहिरी

माझ्या वयाची माणसं काशीला जातात, नाहीतर मुलाकडे परदेशी. मी भर वैशाखात वर्ध्याहून हिंगणघाट आणि गिरड एवढीच यात्रा केली, आणि तीही दोन डिस्कांच्या दर्शनासाठी.

कारण आधी सांगतो. वर्ध्यात आमच्या संस्थेचं दोन खोल्यांचं कार्यालय आहे. गावोगावच्या विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला मोजायची आणि तिथल्या संगणकात भरायची, एवढंच काम. मी तिथला जुना व्यवस्थापक. निवृत्त होताना संगणकाच्या वर पाटी लावून आलो होतो: ‘बॅकअपची डिस्क काढू नये. हरवते.’ खाली माझी सही. परवा रस्त्यावरचं रोहित्र (विजेचा डीपी) फुटलं, दाब एकदम वाढला, आणि संगणकाबरोबर त्याला जन्माची जोडलेली डिस्कही जळाली. पाटी शाबूत राहिली. जुनी कागदी कार्डं शोधायची सोय नव्हती. संगणक आल्याच्या आनंदात तीही मीच रद्दीत घातली होती.

ठपका मात्र वैशालीवर आला. ती तिथली ऑपरेटर, माझ्या पाटीची आज्ञा इमानाने पाळणारी. अध्यक्ष म्हणाले, “सोमवारपर्यंत नोंदी आल्या नाई तर ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ असा शेरा टाकतो, अन् दुसरी पोरगी पाहतो.”

मी जाऊन सांगितलं, पाटी माझी आहे. त्यांनी चहा मागवला. “तुम्ही आता मोठे माणूस. तुम्हाले काय बोलू?”

वयाचा एवढा राग मला कधी आला नव्हता.

एक शहाणपण मात्र माझ्या हातून झालं होतं. दर दसऱ्याला हिंगणघाट आणि गिरड इथले, डिस्क सांभाळणारे दोघंजण आपापली डिस्क घेऊन वर्ध्याला येत. त्यात ताजी नक्कल भरायची, वर आपट्याची पानं ठेवायची, “सोनं घ्या, डिस्क घ्या” म्हणायचं आणि परत पाठवायचं. कार्यालय जळालं तरी विहिरी वाचाव्यात, हा हेतू. गेल्या दसऱ्याला गेलेल्या त्या दोन डिस्काच आता आमचा आधार होत्या.

शनिवारी सकाळी वर्ध्याच्या बसस्थानकावर वैशाली लॅपटॉपची पिशवी पोटाशी धरून उभी होती.

“काका, पाण्याची बाटली घेतली का?”

“घेतली.”

“टोपी?”

“घेतली.”

“पाटी?”

मी खिडकीजवळची जागा पकडली आणि हिंगणघाट येईपर्यंत बाहेर बघत राहिलो. बाहेर बघण्यासारखं फार नव्हतं. नांगरून पडलेली काळी रानं, आणि एखाद्या बांधावर एकट्याने हिरवा राहिलेला कडुलिंब.

हिंगणघाटला उतरल्यावर तर्रीपोहे (लाल तिखट रस्सा ओतलेले पोहे) खाल्ले. डोळ्यांतून पाणी आलं, ते तर्रीचं आहे असं वैशालीला सांगितलं. मग बबनच्या दुकानात गेलो. बबन विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो. त्याने आम्हाला बघताच डिस्क आणून ठेवली. ती लाल होती. दिली तेव्हा काळी होती.

“काका, दरसाल दसऱ्याले पूजा करतो न मी! पान्हा, पक्कड, मीटर, अन् हे तुमची डिस्क. तिले काऊन सोडू?”

“कुंकू लावलं का रे?”

“कुंकू तं नेहमीचंच. अवंदा धंदा चांगला झाला, म्हणून पंचामृत घातलं.”

वैशालीने डिस्क कानाशी हलवली. “भाऊ, दूध, दही, तूप, मध, साखर, पाचही?”

“मंग! देवाचं काम अर्धं करते काय कोणी?”

लॅपटॉपला जोडली. दिवासुद्धा लागला नाही. वैशालीने वायर नाकाशी नेली, वास घेतला आणि म्हणाली, “काका, विहिरींचं तूप झालं.” बबन ओशाळला. त्याने आम्हाला समुद्रपूरच्या गाडीत स्वतः बसवून दिलं आणि जाताना माझ्या हातात प्रसाद म्हणून साखर ठेवली. मला ती डिस्कमधलीच वाटली.

समुद्रपूरला गाडी बदलून गिरडला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. समोर टेकडी, वर शेख फरीद बाबांचा दर्गा, आणि वाटेवर चादरी आणि रेवड्यांची दुकानं. इथे सुपारीएवढे गोल दगड सापडतात. म्हणतात, व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांच्या मालाचा दगड झाला. मला डिस्क आठवली. खालूनच टेकडीला हात जोडले, थट्टा केली नाही.

शेवंताबाईंचं घर पायथ्याशी आहे. गावातल्या विहिरीत दोर सोडून पातळी मोजतात त्या याच.

“डिस्क आहे न, भाऊ. जिवापाड जपली. तुरीच्या कोठीत हाये.”

कोठी म्हणजे धान्याची उंच पत्र्याची टाकी. दसऱ्याला बाईंनी डिस्क कोऱ्या कापडात बांधून रिकाम्या कोठीच्या तळाशी ठेवली होती. मग नवी तूर आली. ती वरून ओतली.

“सगळी तूर?” मी विचारलं.

“मंग अर्धी तूर कोठीत, अर्धी बाहेर ठेवू काय?”

आम्ही टोपल्यांनी तूर उपसायला लागलो. अंगणात चटईवर ढीग वाढत गेला. शेजारणी येऊन बसल्या आणि हात न लावता सल्ले देऊ लागल्या. तळ दिसेना म्हणून मी स्टुलावर चढून आत वाकलो, आणि माझा चष्मा तुरीत पडला.

“आता दोन वस्तू शोधायच्या,” वैशाली म्हणाली.

आधी चष्मा सापडला. मग कडुलिंबाचा वाळलेला पाला, आणि त्याखाली कापडाचं गाठोडं. वैशालीने गाठ सोडली. सोमवारचं तिच्या मनात होतं, माझ्याही. डिस्क जोडली. निळा दिवा लागला. पडद्यावर गावांची नावं एकाखाली एक उतरू लागली. वैशालीने पहिल्यांदा गिरड उघडलं आणि गेल्या उन्हाळ्यातली पातळी वाचून दाखवली.

“बरोबर,” शेवंताबाई म्हणाल्या. “तवा दोर भिजला नव्हता.”

वैशाली रडली आणि हसली, दोन्ही एकदम. बाईंनी पाटोडीची भाजी (बेसनाच्या वड्यांचा रस्सा) आणि वर सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला हेच म्हणतात) घालून वाढली. तूर परत भरून दिल्याशिवाय मात्र उठू दिलं नाही.

सोमवारी नव्या संगणकात सगळं उतरलं. फक्त दसऱ्यानंतरचे महिने गेले ते गेले. त्या रिकाम्या जागी शेरा टाकल्याशिवाय संगणक पुढे जात नाही. अध्यक्ष मागे उभे होते. मी वैशालीला उठवलं, खुर्चीत बसलो आणि एका बोटाने टाइप करायला घेतलं. चौकटीत अक्षरं मावेनात. ‘सेवानिवृत्त व्यवस्थापक’ गाळलं. ‘श्री.’ गाळलं. उरलं ते एवढं: ‘मनोहर यांच्या पाटीमुळे डिस्क जळाली.’

“काका, हे कायमचं राहते बरं,” अध्यक्ष म्हणाले.

“म्हणूनच टाकतोय.”

त्यांनी वैशालीकडे वळून, पुढल्या महिन्याच्या नोंदी कधीपर्यंत येतील, एवढंच विचारलं. तिने नक्कल घेतली, डिस्क काढली आणि माझ्या हातात दिली. “हे तुमच्या घरी. तूर आहे न?”

“तांदूळ आहे.”

“चालते. पंचामृत नको.”

पाटी मी काढून आणली. तो शेरा मात्र प्रत्येक गावापुढे उमटला आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक विहिरीवर आता माझं नाव आहे. काशीला गेलो असतो तर एवढं झालं नसतं.