कमळाचं तळं

पाण्याच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकली की त्या वासाने मला ताराबाई पार्कातल्या एका बंगल्याचं कमळाचं तळं आठवतं. तिथल्या ज्या बाईंनी फी भरल्यामुळे मी पदवीधर झाले, त्यांच्याच बागेत आई कामाला होती. पाडव्याआधी तिने मासे बादलीत काढून तळं उपसलं, शेवाळ घासलं आणि मला विचारलं, “शिकलीयास न्हवं, पावडर किती टाकू सांग की.” मी ऐटीत दोन ओंजळी सांगितल्या. तळं पुन्हा भरून, पावडर टाकून बादलीतले मासे परत सोडले, ते तासाभरात उलटे तरंगले. बाई कडाडल्या, “कुणाची अक्कल ही?” त्या मला नोकरीसाठी शिफारसपत्र देणार होत्या, म्हणून मी गप्प राहिले. आई म्हणाली, “माझीच की, बाई.” तिचं काम त्याच दिवशी सुटलं. पत्र मला मिळालं. मुलगी प्रामाणिक आहे, असं बाईंनी त्यात मनापासून लिहिलं होतं. त्या पत्रावर लागलेली नोकरी मी आजही करते.