जीपच्या टपावरचा खोका

दारव्ह्याच्या आमच्या शेजारणीला गावरान अंडी न फुटता पार्सलने धाडायची आहेत, म्हणून ती सदा खोकेच बनवत असते. कधी आत सोयाबीनचं कुटार भरते, कधी कापूस. मग खोका कानाशी हलवते आणि आवाज आला की त्यालाच रागावते, "कायले बोलून राह्यला रे?"

काल तिने कापसाचा खोका जीपच्या टपावर बांधून पुसदला नेऊन आणला. माझ्यासमोर उघडला, तर एका अंड्याला तडा! तिचं तोंडच उतरलं. तेवढ्यात तड्यातून चोच बाहेर आली. घाईत तिने उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखालचं अंडं उचललं होतं.

ती टाळ्या पिटत ओरडली, "हे तं आतून फुटलं! माहा खोका पास!"