बैठक कोपरला, पातं खोपटला

माझी पिठाची गिरणी. दिवसभर घरघर, म्हणून मला मोठ्यानं बोलायची सवय. दामाजीला मी जे जे बोलले ते कोपरच्या निम्म्या बाजारानं ऐकलंय. त्यानं तेवढं ऐकलं नाही.

दामाजीचं फोटो-फ्रेमचं दुकान माझ्या गिरणीला लागून. दुकान त्याचं आणि धाकट्या भावाचं, धाकूचं. बाप खाडीवर होड्या दुरुस्त करायचा. तो गेला आणि धाकूला दामाजीनंच वाढवलं. ऐंशी सालानंतर डोंबिवलीत बिल्डिंगी उठल्या, नव्या ब्लॉकवाल्यांना भिंतीवर लावायला देव हवेत, आजोबा हवेत. या दोघांनी मुंबईतल्या एका मोडलेल्या दुकानातून कोपरे कापायचं मशीन आणलं. खाली लोखंडी बैठक, वर सरकणारं पातं, त्याला हातभर दांडा. लाकडी पट्टी लावली की दामाजी म्हणायचा, "धर रे." धाकू लांबचं टोक धरायचा, हा दांडा ओढायचा. खच्! चार तुकडे जोडले की कोपऱ्यात नख शिरायचं नाही. दिवसभर त्यांचं बोलणं तेवढंच, आणि तेवढ्यावर दोघं खूष.

मग धाकूचं लग्न झालं, नंदा आली, आणि त्याच्या मनानं घेतलं की ठाण्याला खोपटात स्वतःचं दुकान घालायचं. बरं, जा की बाबा! पण मशीन दोघांनाही हवं. शेवटी दामाजीचं डोकं फिरलं. माझ्या डोळ्यांदेखत त्यानं पाना घेऊन नट खोलले आणि दांड्यासकट पातं धाकूच्या हातात कोंबलं.

"ही तुझी वाटणी. मी मेलो तरी येऊ नकोस, आणि तू मेलास तरी मला कळवू नकोस!"

काय म्हणावं असल्या माणसांना! एकाकडे नुसती बैठक, एकाकडे नुसतं पातं, आणि दोघंही दोन गावांत करवतीनं कोपरे कापत बसले.

दामाजीची बायको आधीच गेलेली, पोरबाळ नाही. दुपारी डबा उघडायचा तो भिंतीकडे तोंड करून. मी भाजी पुढे केली तर "नको, आहे" म्हणायचा. मशीनची बैठक गोणपाटात गुंडाळून ठेवलेली, तिला मात्र न चुकता तेलाचा बोळा फिरवायचा. कशाला रे, म्हटलं, तर म्हणे, "गंजते ना."

पुढे त्याचे हात थरथरायला लागले. कोपऱ्यांना फटी पडू लागल्या, गिऱ्हाईक फ्रेमा परत आणू लागलं. तेव्हा तो नाइलाजानं बैठक घेऊन एमआयडीसीत गुणाजी टर्नरकडे गेला. हिला बसेल असं पातं बनवून दे म्हणाला. गुणाजी हसायलाच लागला.

"अहो, गेल्या साली खोपटचा एक जण नुसतं पातं घेऊन आलेला. त्याला बैठक पाहिजे होती. म्हटलं, माप आणा. तर म्हणाला, माप भावाकडे आहे, आणि भावाला विचारायची हिंमत नाही."

हे दामाजीनं मला बैठकीवर बोळा फिरवत सांगितलं. मी म्हटलं, "मग जा ना! उद्याच जा." "जातो," म्हणाला. गणपती झाले, दिवाळी झाली. "जातो, गोदूबाई, जरा थंडी पडू दे." थंडी पडली, सरली. पाडव्यानंतर मात्र मी गिरणी बंद केली आणि म्हटलं, "ऊठ! मी येते बरोबर."

बैठक जड, लोकलच्या गर्दीत चढवणार कशी, म्हणून उलटं जाऊन कल्याणहून एसटी धरली. सगळी वाट ती त्याच्या मांडीवर. "गेल्यावर काय बोलू?" त्यानं मला दोनदा विचारलं. "काही बोलू नको, ही पुढे ठेव," मी म्हटलं.

दार नंदानं उघडलं. तिचं कपाळ बघितलं आणि मला कळलं. दामाजीला कळलं नाही.

"धाकू आहे ना घरात?"

नंदा बाजूला झाली. समोर भिंतीवर धाकूचा फोटो, हार घातलेला.

"होळीच्या आधी गेले, दादा. कावीळ झालेली."

"मला कळवलं नाहीस?"

"तुम्हीच नको म्हणालेलात. ते शेवटपर्यंत म्हणायचे, दादा येईल आपणहून."

दामाजी फोटोपाशी गेला. फ्रेम बाजारातली, तयार. त्यानं कोपऱ्यात नख घातलं, ते आत गेलं. "असं नको," एवढंच बोलला.

नंदानं खाटेखालून पातं काढून दिलं. जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं, तेलानं चकचकीत, गंजाचा एक ठिपका नाही. दामाजीनं तिथंच जमिनीवर नट आवळले. पातं असं बसलं जसं कधी सुटलंच नव्हतं. धाकूच्या दुकानातली एक लांब पट्टी भिंतीला टेकवलेली होती, ती त्यानं मशीनला लावली, दांडा धरला आणि मान वर न करता म्हणाला,

"धर रे."

पट्टीचं टोक हवेत हलत राहिलं. दामाजीनं मग तिकडे बघितलं. त्याला इतकी वर्षं ओळखते, रडताना कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी तो लहान पोरासारखा मोठ्यानं रडला, आणि मीही रडले. शेवटी नंदानं पदरानं डोळे पुसले आणि टोक धरलं. "ओढा, दादा."

फ्रेम झाली. नख शिरलं नाही.

मशीन त्यानं तिथंच ठेवलं. आता सुटं करायचं नाही म्हणाला. परतीच्या एसटीत त्याची मांडी रिकामी होती, आणि हात कुठं ठेवावेत ते त्याला कल्याणपर्यंत कळलं नाही.