पेरूच्या शेडमधली कादंबरी

मला पेरू भरायला येत नाहीत. क्रेटमध्ये कागद पसरायचा, डागी फळ बाजूला काढायचं, देठ न मोडता थर लावायचे, हे आमच्या राहात्याकडच्या बायका गप्पा मारता मारता करतात. माझ्या हातून चांगल्या फळालाही डाग पडतो. म्हणून शाळेतून निवृत्त झाल्यावर शेजारच्या शेडमध्ये पेरू भरताना वाचून दाखवायचं काम मी पत्करलं. हात त्यांचे, तोंड माझं.

वाचायच्या त्या जुन्याच कादंबऱ्या. नव्या वाईट असतात असं नाही, पण जुन्यांत लेखकाला घाई नसते. बैलगाडी निघाली की गाव येईपर्यंत आपणही तिच्यात बसून राहायचं. बायका मध्येच नायिकेला शिव्या घालतात, तिच्या सासूला तर रोजच. दुसऱ्या दिवशी मी दारात दिसले की कुणीतरी विचारतंच, "बाई, पुढं काय झालं?" एकटीनं वाचलेली कादंबरी मला आता अळणी लागते.

गेल्या हंगामात मी माझी सगळ्यात लाडकी कादंबरी काढली. पुठ्ठा निघालेला, पानं तपकिरी झालेली. तिच्यातली मुलगी नवऱ्याच्या माराला कंटाळून दोनदा माहेरी येते आणि दोन्ही वेळा बाप समजूत घालून तिला परत पाठवतो.

ऐकणाऱ्यांत शेडच्या मालकीणबाईंची थोरली मुलगी होती. दिवाळीला आली ती सासरी परत गेलीच नव्हती. तिच्या दंडावरचे वळ मी पाहिले होते, आईनंही पाहिले होते. वडील नव्हते, त्यामुळे निर्णय आईनंच घ्यायचा होता. मी त्यांना वहिनी म्हणते. वहिनी वाईट नाहीत, पण धाकटीचं लग्न व्हायचं होतं आणि लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? रविवारी सासरचे न्यायला येणार होते. पाठवायचं की नाही, हे शनिवार आला तरी ठरत नव्हतं.

त्याच शनिवारी आमचं शेवटचं प्रकरण आलं. शेवट मला पाठ होता. दुसऱ्यांदा परत गेलेली मुलगी महिन्याभरात मरते. बाप पोचतो तेव्हा अंगणात माणसं जमलेली असतात. पान उलटताना मी मान वर केली. पोरीचे हात थांबले होते. वहिनी एक पेरू हातात धरून तशाच बसल्या होत्या. हिच्यासमोर हे मरण कसं वाचू?

ऐन वेळी माझं अवसान गळालं. नजर पुस्तकावर ठेवून मी मनाचंच वाचू लागले. नवऱ्याला पश्चात्ताप झाला, त्यानं सासऱ्याचे पाय धरले, वर्षाच्या आत पाळणा हलला. इतकी वर्षं वाचून ती जुनी भाषा माझ्या जिभेवर बसलेली; कुणाला शंका आली नाही. खरं सांगायचं तर मला त्याची थोडी ऐटही वाटली.

"बग," वहिनी डोळे पुसत लेकीला म्हणाल्या, "तिनं धीर धरला म्हनून सुदारला का न्हाई मानूस? तू बी उद्या जायचं."

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. "आसंच हाय का बाई त्यात?"

"हो," मी म्हणाले. सगळ्यांसमोर खोटी पडायची लाज वाटली. तो 'हो' आठवला की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

रविवारी सकाळी चहा घेत होते तोच गाडी आल्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं. वहिनींच्या ओसरीवर दोन पुरुष आणि पोरीची सासू खुर्च्यांवर बसलेली, आणि दारात भरलेली बॅग. पुस्तक उचललं आणि अनवाणीच मागच्या दारानं त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले. वहिनी पोहे परतत होत्या. पोरगी नवी साडी नेसून भिंतीला टेकून उभी होती.

"वहिनी, काल मी खोटं वाचलं."

"म्हंजी?"

"तो नवरा सुधारत नाही. ते सगळं मी माझ्या मनाचं घातलं."

"आता कशाला काढताय ते, बाई? भायेर पाव्हनं बसल्यात."

"आताच ऐका."

मी हळू आवाजात खरं पान वाचू लागले. बाप गाडीतून उतरला, त्याला पाहून माणसं बाजूला झाली. बाहेरून "आवरलं का?" अशी हाक आली. थोड्या वेळानं पुन्हा आली. पोहे करपल्याचा वास सुटला, तरी वहिनी हलल्या नाहीत. पान संपल्यावर त्यांनी गॅस बंद केला.

"मेली?"

"मेली."

"आन बाप?"

"उशिरा पोचला."

वहिनी लेकीकडं बघत राहिल्या. मग पदराला हात पुसून ओसरीवर गेल्या, पाहुण्यांच्या देखत दारातली बॅग उचलली आणि घरात आणून ठेवली.

"च्या घिऊन जावा," त्या बाहेर बघून म्हणाल्या. "पोरगी येनार न्हाई."